माळकरी आईला घेऊन टूसॉनला

"विमानात बसून जेवायला जायचं?" आईचा पहिला प्रश्न हाच होता, आणि खरं सांगायचं तर तो बरोबरच होता.

आई डिसेंबरात मंगळवेढ्याहून आमच्याकडे डॅलसला आली. पहिले सहा आठवडे घर, मंदिर, कॉस्टको आणि पुन्हा घर. जानेवारीत नवरा म्हणाला, आता कुठेतरी नेऊ या आईंना. पण धावपळ नको, कडाक्याची थंडी नको, डोंगर चढणं नको (आईचा उजवा गुडघा), आणि खायला काहीतरी वेगळं हवं. त्याच्या डोक्यात टूसॉन होतं. ॲरिझोनातलं, मेक्सिकोच्या सीमेजवळचं वाळवंटातलं शहर. २०१५ साली युनेस्कोनं अमेरिकेतलं पहिलं 'खाद्यसंस्कृतीचं शहर' म्हणून निवडलं ते हेच.

मी उत्साहानं वाचायला बसले आणि अर्ध्या तासात गार पडले. शहराची शान काय, तर बेकनमध्ये गुंडाळलेला हॉटडॉग आणि गच्चीवर वाळवलेलं गोमांस. आई माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही. हे सगळं लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की आपल्याकडच्या शाकाहारी आईवडिलांना घेऊन तिकडे जायचा विचार कुणी करत असेल, तर त्या अर्ध्या तासात त्यांनी बेत मोडू नये.

आधी तारखांची गोष्ट. आम्हाला फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार हवा होता. हॉटेलांचे दर बघितले तर डोळे पांढरे झाले. साध्यासुध्या हॉटेलात एका रात्रीचे ३८० डॉलर! कारण कळायला दोन दिवस गेले. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टूसॉनमध्ये रत्नं आणि खनिजांचे मोठे बाजार भरतात, जगभरातून व्यापारी येतात आणि गावातली खोलीन् खोली भरते. त्या काळात फक्त खायला जाऊ नका. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, म्हणून तोही नको. शेवटी १९ जानेवारीला आम्ही ७ ते ९ मार्चचं बुकिंग केलं. डॅलसहून थेट विमान, माणशी २१८ डॉलर. हॉटेल गावाच्या मध्यात, रात्रीला १८९. त्यावर कर, आणि 'डेस्टिनेशन फी' नावाचे रोजचे ३० डॉलर, जे अगदी शेवटच्या पानावर उगवले. त्या पैशात काय मिळतं म्हणून फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, वायफाय आणि पाण्याच्या दोन बाटल्या. असो.

मग कागदपत्रं. आईकडे अमेरिकेतलं कुठलंच ओळखपत्र नाही, त्यामुळे देशातल्या देशात उडायलाही तिचा मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही. सोबत आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत. ती सरकारी संकेतस्थळावरून फुकट काढता येते, पैसे मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या साइटींच्या नादी लागू नका. टूसॉन सीमेपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे आणि दक्षिणेकडून परतताना आय-१९ महामार्गावर सीमा गस्तीची चौकी लागते. आमचा तिकडे टुबाक नावाच्या गावाला जायचा विचार होता, तो पुढे गळला, पण आमची दोघांची कागदपत्रंही मी त्याच पाकिटात ठेवली होती. कागद न लागता परत आले याचं मला कधीच वाईट वाटत नाही.

आईसाठी व्हीलचेअर सांगायला विमान कंपनीला फोन केला. त्याचे पैसे पडत नाहीत. मात्र ढकलणाऱ्या माणसाच्या हातावर ठेवायला पाच-दहा डॉलरच्या सुट्ट्या नोटा खिशात असू द्या. आई आधी बसायलाच तयार नव्हती. "मी काय आजारी आहे का?" सुरक्षा तपासणीची रांग बघितल्यावर निमूट बसली.

आता मुख्य अभ्यास, खाण्याचा. 'मांस नाही' एवढं सांगून तिथे भागत नाही, हे मला उशिरा कळलं. मैद्याच्या टॉर्टियात, म्हणजे तिथल्या पोळीत, आणि घोटलेल्या राजम्यासारख्या बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तिला स्पॅनिशमध्ये मान्तेका म्हणतात. भात अनेक ठिकाणी कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. रेयेनोला, म्हणजे तिथल्या भरल्या मिरचीला, अंड्याचं आवरण असतं. म्हणून मी फोनमध्ये दोन वाक्यं लिहून ठेवली, "सिन मान्तेका?" आणि "सिन काल्दो दे पोयो?" म्हणजे चरबीशिवाय का, कोंबडीच्या रश्श्याशिवाय का. हसून विचारलं की कुणी रागावत नाही, आत जाऊन विचारून येतात. न घोटलेले, नुसते भांड्यात शिजवलेले बीन्स, म्हणजे 'दे ला ओया', हे त्यातल्या त्यात सुरक्षित. तेही विचारूनच.

एवढं झाल्यावर मी एक्सेल उघडली. तीन दिवस, चौदा ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ, अंतर, पार्किंग. मला फार अभिमान वाटत होता. रविवारी दुपारी आईला लॅपटॉपवर दाखवली. तिनं चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाली, "बाई, वारीत पण मधी विसावा असतोय की गं."

नवरा हसत उठला आणि त्यानं एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. टुबाक गेलं, वाळवंट संग्रहालय गेलं, लेमन पर्वत गेला. दिवसाला ठरलेल्या गोष्टी दोनच, दुपारी दोन ते चार झोप. मी वाळवंट संग्रहालयासाठी भांडले. ते १९५२ पासूनचं, उघड्यावरचं आणि म्हणे अफाट सुंदर आहे. हरले. अजून थोडं वाईट वाटतं.

एक पेच एकादशीचा. कालनिर्णयात आमलकी एकादशी सोमवारी, १० मार्चला. पण तिथी भारतात रविवारी सकाळीच लागत होती, म्हणजे अमेरिकेच्या घड्याळानं शनिवारी रात्री. इथल्या पंचांगानं एकादशी रविवारी येत होती, नेमकी आमच्या बाजाराच्या आणि भटकंतीच्या दिवशी. मी घाबरत घाबरत आईला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पांडुरंग पंढरपुरात हाय. त्याचा सोमवार तो माझा सोमवार." शास्त्र काय म्हणतं ते जाणकारांनी बघावं, माझा रविवार वाचला.

७ मार्च, शुक्रवार. दुपारचं विमान. आईनं सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधली होती. कोरडी चटणी सुरक्षा तपासणीतून सहज जाते. ठेच्याची बाटली मात्र मी घरीच ठेवायला लावली, ओलसर पदार्थांना १०० मिलीलीटरची मर्यादा असते. विमानात भाकरीचा वास सुटला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

उतरल्यावर भाड्याची गाडी घेतली. जाहिरातीत तीन दिवसांचे १४८ डॉलर, विमानतळाचे कर धरून २०७. टूसॉनचा विमानतळ लहान आहे, उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत पाऊण तास लागला. बाहेर कोरडी, हलकी हवा आणि चारी बाजूंना उघडे डोंगर. आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "ही हवा आपली हाय." संध्याकाळी तिलाच शाल लागली. वाळवंटात सूर्य गेला की ऊब त्याच्याबरोबर जाते, तेव्हा मार्चमध्येही स्वेटर न्याच.

आणि मग माझी चूक. एल चारो कॅफेत साडेसहाचं टेबल राखून ठेवलं होतं आणि जानेवारीत डॅलसला बसून फोनच्या कॅलेंडरात स्वतःच टिपलं होतं. ॲरिझोना एक तास मागे, त्यामुळे फोननं आपणहून ते साडेपाच केलं. आम्ही तासभर आधी दारात हजर, भुकेले. टेबल नव्हतं. दारातल्या मुलीनं आईसाठी खुर्ची आणून दिली.

तो तास फुकट गेला नाही, कारण तिनंच आईला वर बघायला सांगितलं. एल चारो १९२२ साली मोनिका फ्लिन या बाईंनी सुरू केलं, आणि तिथलं कार्ने सेका, म्हणजे मसाला लावलेलं गोमांस, गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात उन्हात वाळवतात. मी आईला भाषांतर करून सांगताना जरा चाचरत होते. पण आईचं लक्ष मांसाकडे नव्हतंच, पिंजऱ्याकडे होतं. "जाळी केलीया, बरं केलं. आमचा अर्धा जन्म कुरडयांवरचे कावळे हाकलण्यात गेला." मग ती शेजारच्या बाकावरच्या अनोळखी आजीबाईंना खाणाखुणांनी वाळवण समजावून सांगू लागली. आजी स्पॅनिश, आई मराठी, आणि दोघी मान डोलावत होत्या.

आत गेल्यावर नवऱ्यानं कार्ने सेका मागवलं. आमच्यासाठी, आत विचारून खात्री करून, चीज क्रिस्प आणि अख्खे बीन्स. चीज क्रिस्प म्हणजे परातीएवढी पातळ टॉर्टिया, कडक भाजून वर चीज. ही इथली खासियत. मेक्सिकोत इतरत्र मक्याच्या टॉर्टियाचं राज्य असलं तरी ॲरिझोनालगतच्या सोनोरा भागात गव्हाची चालते, आणि तीही हातांवर ताणून इतकी पातळ करतात की आरपार दिसावं. आईनं एक कडेचा तुकडा उजेडात धरला. "मांडं हाय हे. पुरण तेवढं राहिलं."

शनिवारी सकाळी बॅरिओ ब्रेड. खाण्याच्या क्षेत्रातला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार २०२२ मध्ये मिळालेल्या डॉन गेरा यांची ही बेकरी. पंचवीस मिनिटं रांगेत उभे राहिलो. आईला गाडीतच बसवलं होतं. पावावर पिठानं निवडुंगाचं चित्र उमटवलेलं असतं. आंबवलेला पाव, पीठ-पाणी-मीठ एवढंच, त्यामुळे आईलाही चालला. त्यात इथला जुना पांढरा सोनोरा गहू असतो. स्पॅनिश धर्मप्रचारकांनी आणलेला हा गहू हिवाळ्यात येतो आणि मका-बीन्स उन्हाळ्यात, म्हणजे हातात धान्य नसायचं तेव्हा तो हाती यायचा. त्यामुळे टिकला. आईनं गाडीत बसूनच पाव मोडला, शेंगदाण्याची चटणी लावली आणि निकाल दिला, "खपलीची चव हाय, पण आंबटाय." पाव साधारण दहा डॉलरचा. मला महाग वाटला होता, दुपारपर्यंत संपला तेव्हा दोन न घेतल्याचं वाईट वाटलं.

तिथून मिशन गार्डन. सेंटिनेल टेकडीच्या पायथ्याशी, मातीच्या भिंतीआडची ही बाग. सांताक्रूझ नदीच्या या काठावर चार हजार वर्षांपूर्वीपासून शेती होत आली आहे. बागेत त्या त्या काळाचे वाफे केले आहेत. आधी प्राचीन मका, मग ओओधम या इथल्या मूळ रहिवाशांची शेती, मग स्पॅनिश लोकांची डाळिंबं, अंजिरं आणि क्विन्स, पुढे मेक्सिकन आणि चिनी भाज्या. 'टूसॉन' हे नावही ओओधम भाषेतल्या 'चुक शोन'वरून आलं आहे, काळ्या पायथ्याचा डोंगर या अर्थानं. बघायला तास पुरेल म्हणून ठरवलं होतं, अडीच तास लागले.

कारण आई एका झाडापाशी थांबली. काटे, वाकडं खोड, खाली वाळलेल्या शेंगा. "ही वेडी बाभूळ! ही हिथं कुठनं आली?"

आली नाही, ही इथलीच. आपल्याकडची वेडी बाभूळ मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडून आलेली, आणि हे तिचं चुलत भावंड, मेस्कीट. मंगळवेढ्याच्या शिवारात हिनं बांध, ओढे आणि पडीक रानं गिळली. शेळ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी पसरतं, आणि तोडावी तेवढी फुटते. आईच्या तोंडी हिचं नाव शिवीसारखं येतं. तिथल्या स्वयंसेवक बाई सांगत होत्या की शेंगा वाळवून, दळून पीठ करतात, ते गोड लागतं, आणि इथल्या लोकांचं हे फार जुनं अन्न आहे. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. बाईंनी चिमूटभर पीठ तळहातावर दिलं. तिनं चाखलं. गुळाच्या ढेपेला खालून लागलेल्या पिठासारखं, किंचित कॉफीसारखं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आन आपण नुसतं जाळत बसलो."

त्यानंतर ती प्रत्येक वाफ्याशी थांबली. फड्या निवडुंग ओळखीचाच निघाला. त्याची लाल बोंडं तिनं लहानपणी जीभ रंगवायला खाल्ली होती. इथे त्याच्या कोवळ्या फडांची भाजी होते. चिलटेपिनची गोल, मिरीएवढी रानमिरची तिनं माझं न ऐकता दाताखाली धरली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. टेपरी नावाचे बीन्स बघून म्हणाली, "मटकी." दिसायला त्याहून मोठे, पण वागणूक तीच. पावसाच्या एक-दोन ओलींवर येतात, आणि जास्त पाणी दिलं तर उलट रुसतात. तोहोनो ओओधम लोक पावसाळी ओढ्यांच्या तोंडाशी, पाणी पसरतं तिथे, हे पेरत आले आहेत.

दुपारी आम्ही तिघंही चक्क झोपलो. एक्सेलमधली ही एकच ओळ अगदी वेळेवर पार पडली.

संध्याकाळी सवारो राष्ट्रीय उद्यान. शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असे त्याचे दोन भाग आहेत, आम्ही पश्चिमेच्या भागात गेलो. गाडीमागे २५ डॉलर, सात दिवस चालतात. तिथे जवळच एक अर्ध्या मैलाची पक्की, सपाट पायवाट आहे, गुडघेवाल्यांनी तीच धरावी. सवारो म्हणजे ते दोन-तीन मजली उंच, हात वर केलेले निवडुंग. त्यांना पहिला हात फुटायलाच ५० ते ७५ वर्षं लागतात. मला खात्री होती की आई आता म्हणणार, वारकरी उभे आहेत जणू. मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तयार होते. आई म्हणाली, "ह्यांना पाणी कोण घालतं?"

सूर्य साडेसहाच्या सुमारास गेला. रात्री नवऱ्याला त्याचा हॉटडॉग हवा होता. एल गुएरो कानेलोमध्ये तो एकटा गेला, बाहेर उभ्याउभ्या खाऊन, हात दोनदा धुऊन आला. बेकन, बीन्स, टोमॅटो, मिरची, मऊ पाव, एवढाच वृत्तांत मला मिळाला, आणि पुन्हा एक खायची इच्छा. आम्ही मायलेकींनी ला दोसे, म्हणजे दक्षिणेकडची बारावी अव्हेन्यू, तिथे रास्पादो घेतला. बर्फाचा गोळाच, पण पेल्यात, आंब्याच्या फोडी आणि वरून चामॉय नावाची पातळ चटणी. खारट, आंबट, तिखट. आईच्या मते काळा खट्टा बरा. तरी पेला तिनंच संपवला. साडेसहा डॉलर.

रविवारी सकाळी रिलिटो पार्कातला शेतकरी बाजार. एक पौंड मेस्कीटचं पीठ चौदा डॉलरला. भाव ऐकून आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच लावला होता. टेपरी बीन्स नऊला. तिथून सॅन झेवियर देल बाक, १७८३ ते १७९७ मध्ये बांधलेलं पांढरंशुभ्र चर्च, ओओधम लोकांच्या भूमीवर. आत प्रार्थना चालू होती, आम्ही मागे बसलो. आईनं हात जोडले. बाहेर मांडवांत ओओधम बाया फ्रायब्रेड तळत होत्या. कशात तळता म्हणून विचारलं, उत्तर तेल आलं, मग घेतलं. मोठा भटुरा म्हणा. वर मध. धगीपुढे बसलेल्या बाईंचे हात आई एकटक बघत होती.

परतीचं विमान साडेचारला. इथे पुन्हा घड्याळाची गंमत. त्याच दिवशी, ९ मार्चला, जवळजवळ साऱ्या देशाचं घड्याळ तासभर पुढे गेलं आणि ॲरिझोनाचं जागच्या जागी राहिलं, तिथे बहुतेक भागात हा प्रकारच नाही. जाताना एक तासाचा फरक, येताना दोन तासांचा. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले आणि सोमवारी ऑफिस. शक्य असेल तर तो आठवडा टाळा.

हिशेब: विमान ६५४, हॉटेल सगळं धरून ४९३, गाडी २०७, खाणं-पिणं २६०, उद्यान २५, बाजार ४६, व्हीलचेअरवाल्यांना २०. एकूण १,७०५ डॉलर, तिघांचे. स्वस्त नाही. बाहेरची दोन जेवणं चटणी-पावावर भागली, नाहीतर आणखी झाले असते.

आईला टेपरी बीन्स गावी नेऊन पेरायचे होते. मला नाही म्हणावं लागलं. बियाणं भारतात न्यायचं तर आयातीचा परवाना आणि इथला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, पिशवीत लपवून न्यायची ती वस्तू नव्हे. ती दोन दिवस रुसली होती. सोमवारी तिची एकादशी झाली. त्या रात्री तिनं अर्धे बीन्स भिजत घातले आणि मंगळवारी द्वादशीच्या पारण्याला कुकर लावला. चार शिट्ट्यांनी काही झालं नाही. आठ झाल्या. तिनं झाकण उघडून एक दाणा बोटांत दाबून बघितला, पुन्हा झाकण लावलं आणि म्हणाली, "वाळवंटातला हाय, इतक्यात कुठं ऐकतोय." बाराव्या शिट्टीला उसळ झाली. वर फोडणी, गूळ, आणि घरी राहिलेला तो ठेचा.